पंधरा फुटांची बाग

आमच्याकडं कुणी ट्रॅक्टर घेतला की लोक पहिला प्रश्न एकच विचारतात: किती एचपीचा? तो कशाला घेतला, कोणतं काम करणार, हे कुणी विचारत नाही. सोयरीक जुळवताना मुलाची जमीन विचारतात आणि मुलगा कसा आहे ते मुलीला लग्नानंतर कळतं, तसलाच हा प्रकार. मी ट्रॅक्टर घ्यायला गेले तेव्हा एचपी विचारला नाही. मी दोरी घेऊन गेले होते. त्या दोरीवरून घनसावंगीच्या बाजारात लोक मला बरेच दिवस हसले. ते हसायचे तेव्हा मी तोंडावर सुनवायची, कारण गप्प बसणं आणि खोटं बोलणं या दोन गोष्टी मला कधी जमल्या नाहीत. त्याचा घरच्यांना त्रासच झालेला आहे.

आधी बागेचं सांगते. माझं लग्न ऐंशीनंतर लगेच झालं. दुसऱ्याच वर्षी सासऱ्यांनी घरामागच्या दोन एकरांत मोसंबी लावायची ठरवली. आसपासचे सगळे अठरा फुटांवर झाड लावायचे. सासरे म्हणाले, तीन-तीन फूट जमीन नुसती उन्हात तापवत ठेवायला ती काय फुकट आली आहे? त्यांनी बैलाचा कासरा काढला, पंधरा फुटांवर गाठ मारली, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. घरात दोन मुलगे असताना त्यांनी सुनेला हाक मारली, याचं गावाला नवल वाटलं होतं. मला आनंद झाला होता. डोक्यावरचा पदर दातात धरून मी कासरा ताणत चौदा ओळी फिरले. एका ओळीत सत्तावीस झाडं. पहिले दोन उन्हाळे विहिरीवरून घागरी आणून त्या रोपांना पाणी मीच घातलं. तेव्हा त्या झाडांवर माझा हक्क आहे असं मला वाटतं, ते उगाच नाही.

झाडं लहान होती तोवर पंधरा फूट कुणाला दिसले नाहीत. बैलाची जोडी आणि वखर मजेत फिरायचे. पण झाडं वाढली, फांद्या एकमेकींच्या अंगावर येऊ लागल्या आणि दोन ओळींमधल्या वाटांच्या गल्ल्या झाल्या. तरी बैल जायचे. बैल शहाणा, फांदी आली की मान खाली घालतो. पुढं नवं शतक उजाडलं आणि बैल हाकणारा गडीच मिळेना. जो तो जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत जाऊ लागला. गल्ल्यांत कमरेएवढं गवत माजलं. त्यात आमची काळी जमीन, पाऊस झाला की पाणी बुडख्याशी चार-चार दिवस उभं. झाडांच्या खोडांतून डिंक गळायला लागला. दोन वर्षांत अकरा झाडं वाळली. आता काहीतरी यंत्र घेतल्याशिवाय भागणार नाही, हे घरात सगळ्यांनाच कळलं होतं.

माझे दीर जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत नोकरीला होते. दर रविवारी मोटरसायकलवर यायचे आणि सोबत सल्ला आणायचे. माणूस मनानं चांगला, पण शेती दुरून दिसते तेवढी सोपी असते. त्यांनी बाग फिरून पाहिली आणि ओट्यावर बसून निकाल दिला.

"वैनी, बागेत जागाच ऱ्हायली न्हाई. एक आड एक ओळ काढून टाका. सात गेल्या तरी सात ऱ्हातेत. मंग मोठा ट्रॅक्टर बिलकुल मोकळा फिरंल. ऊस वाहायला बी कामाला येईल. औंदाचा माल उतरला की लाकडाचा व्यापारी धाडून देतो."

मी माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. ते म्हणाले, "बघू." आमच्या यांचा हा एक शब्द. लग्नापासून ऐकत आले आहे.

मी बोलायला तोंड उघडलं, तोच सासरे म्हणाले, "काढा. पंधरा फुटाची चूक माझी हाय. तव्हा म्या कोणाचं ऐकलं न्हाई."

ते इतकं बोलून उठले आणि आत गेले. मला राग आला, दिराचा नाही, सासऱ्यांचा. अख्ख्या पंचक्रोशीत कुणाला न जुमानलेला माणूस, आणि आज सत्तावीस-सत्तावीस झाडांच्या सात ओळी अशा एका वाक्यात देऊन टाकतो? दुसऱ्या दिवशी पहाटे चूल पेटवायला उठले तर ते बागेत उभे. एका झाडाच्या खोडावर तळहात ठेवून. मला पाहून त्यांनी हात काढून घेतला आणि उगाच गवत उपटायला लागले. त्या क्षणी मी ठरवलं की ओळी जाणार नाहीत. कसं, ते ठरलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात जालन्याला कृषी प्रदर्शन भरलं होतं. तिथं मी एक बुटका ट्रॅक्टर पाहिला. त्याच्या पोटाखाली गवत कापायचं यंत्र लावलं होतं, आणि चित्राच्या कागदावर त्याच जातीच्या दुसऱ्या ट्रॅक्टरच्या मागं जमीन उकरणारा पंजा दाखवला होता. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घरी येईपर्यंत विचार करत राहिले. आमच्या बागेला नांगर नकोच होता. मोसंबीची मुळं वरच्यावर पसरतात, नांगर ती तोडतो. आम्हाला गवत कापून तिथंच पसरणारं काहीतरी हवं होतं, आणि एका गल्लीआड पाणी काढायला चर खोदणारं. हात-दीड हात रुंद चर पुरे. एक गल्ली चालायला, एक गल्ली पाण्याला. त्यासाठी सात ओळी कशाला मारायच्या?

दुसऱ्या दिवशी मी तोच जुना कासरा घेतला आणि बागेत गेले. एका फांदीच्या टोकापासून समोरच्या फांदीच्या टोकापर्यंत माप घेतलं. पंधरा-वीस ठिकाणी मोजलं, सगळ्यांत अरुंद जागा धरली आणि तेवढ्या मापाची दुसरी दोरी विळ्यानं तोडून घेतली. चार फूट आणि वर चार बोटं. ती गुंडाळून कमरेला खोचली आणि यांना म्हटलं, चला जालन्याला.

ट्रॅक्टरच्या दुकानातला माणूस फक्त यांच्याशीच बोलत होता. मोठ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थोपटून म्हणाला, "साहेब, हा घेऊन गावात शिरा, लोक उभं राहून बघतील." हे म्हणाले, "बघू." मी मधल्या आकाराच्या एका ट्रॅक्टरजवळ गेले, वाकले आणि दोरी एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या कडेपर्यंत धरली. चार बोटं दोरी उरली. दुकानातली पोरं हसायला लागली.

"ताई," तो माणूस पहिल्यांदा माझ्याशी बोलला, "ट्रॅक्टर दोरीवर घेत नसतेत. एचपीवर घेतेत."

"आमची बाग एचपीवर लावलेली न्हाई," मी म्हटलं. "दोरीवर लावलीय."

तो यादी काढून बघायला लागला. मधल्या ट्रॅक्टरला गवत कापायचं यंत्र बसत होतं, आणि मागं खोदायचा पंजाही बसवून देऊ म्हणाला. गुढीपाडव्याला न्यायचं ठरवून आम्ही उठलो. परतीच्या बसमध्ये मी एवढी खुशीत होते की हे म्हणाले, "तूच चालव आता." एवढं मोठं वाक्य ऐकून मला खरंच हसू आलं.

घरी येऊन मी सासऱ्यांना सगळं सांगितलं. दोरी काढून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, दोन्ही टोकं जुळवून पाहिली, आणि विचारलं, "कव्हा तोडली?"

"परवा."

"म्हंजी ताणात."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मोसंबीला फुलं यावीत म्हणून हिवाळ्यात तिचं पाणी तोडतात, त्याला आम्ही ताण देणं म्हणतो. ताणावरचं झाड पानं गाळतं, अंग चोरून उभं राहतं. मग पाणी दिलं की फुलतं, आणि भादव्यात फळ भरलं की त्याच फांद्या जमिनीला टेकतात, त्यांना बांबूचे टेकू द्यावे लागतात. वीस वर्षं ते टेकू मी माझ्या हातानं लावले होते. आणि माप घेताना मी उघड्या झाडाचं माप घेतलं!

"बंडीचं माप उपाशीपोटी घेतेत व्हय?" सासरे म्हणाले. "भादव्यात मोज."

त्यांच्या आवाजात ओरडा नव्हता. उलट बऱ्याच दिवसांनी जरा गंमत होती. कासऱ्यानं मोजताना चुकणारा घरात मी एकटाच नाही, असं त्यांना वाटलं असावं. मला मात्र स्वतःचा असा संताप आला होता की त्या रात्री मी जेवले नाही. रविवारी दिरांना कळलं. ते हसले नाहीत, एवढंच म्हणाले, "वैनी, झालं न्हवं? व्यापाऱ्याला दिवाळीचं सांगून ठेवलंय म्या." हसले असते तर बरं झालं असतं.

पाडवा गेला. भादव्यात, फळं भरल्यावर, मी आणि सासरे दोघं मोजायला गेलो. पुन्हा एक टोक त्यांच्याकडं, दुसरं माझ्याकडं. त्यांना वाकवत नव्हतं, म्हणून मी वाकत होते. टेकू दिलेल्या फांद्यांच्या मधून माप निघालं ते तीन फूट आणि तीन बोटं. मधला ट्रॅक्टर संपला. उरला तो प्रदर्शनात पाहिलेला सगळ्यांत लहान, ज्याला गावात लोक खेळणं म्हणायचे. तो बरोबर तीन फुटांचा होता. पण दुकानदार म्हणाला, गवत कापायचं यंत्र याला बसेल, पंजा बसणार नाही, त्याच्या अंगात तेवढा जोर नाही. आणि चर खोदला नाही तर डिंक थांबणार नव्हता. म्हणजे ओळी वाचवून झाडं मरणार. दिरांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

"पंजा चालला न्हाई तर ओळी काढायच्या. कबूल?"

सासरे माझ्याकडं पाहत होते. मी म्हटलं, "कबूल."

जालन्यात कारखान्यांच्या वस्तीत एक म्हातारा मिस्त्री होता, लोखंड पीठ मळल्यासारखं वळवायचा. हे आणि मी त्याच्याकडं गेलो. मी त्याच्यापुढं तो प्रदर्शनातला कागद ठेवला. त्यानं कागदाकडं पाहिलंच नाही.

"चर कितीचा पाह्यजे?"

"दीड हात रुंद, दोन हात खोल."

"मंग हत्ती कशाला? एवढं तर कुत्रं बी उकरतं. छोटा पंजा बनवतो. जल्दी करू नका फक्त."

हा माणूस मला एकदम आवडला. इतके महिने सगळे मला ट्रॅक्टरचा जोर सांगत होते, यानं पहिल्यांदा कामाचं माप विचारलं. दसऱ्याला आम्ही लहान ट्रॅक्टर घेतला आणि सरळ त्याच्या कारखान्यात नेऊन उभा केला. नवी गाडी राजूरच्या गणपतीला पूजेला नेण्याचा रिवाज आहे, पण ट्रॅक्टर मिस्त्रीकडं होता म्हणून आम्ही नुसती चावी नेली. पुजाऱ्यानं विचारलं, गाडी कुठंय? मी म्हटलं, दवाखान्यात.

मिस्त्रीनं पहिल्यांदा पंजा बसवून जमिनीत घातला तेव्हा ट्रॅक्टरची पुढची चाकं वीतभर वर उचलली गेली. हे सीटवरून उडी मारून बाजूला झाले. मिस्त्री बसल्या जागी बिडी ओढत राहिला. मग त्यानं भंगारातून लोखंडाचे दोन ठोकळे काढले आणि ट्रॅक्टरच्या तोंडाला बांधले. पंजाचे दात तिनाचे दोन केले. आम्ही निघताना त्याची नजर ट्रॅक्टरच्या उभ्या धुराड्यावर गेली. "हे असं उभं ऱ्हायलं तर फांद्या भाजतील, बाई," म्हणाला, आणि ते कापून खालच्या बाजूला वळवून दिलं. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, आणि ट्रॅक्टर विकणाऱ्यांच्या तर नाहीच नाही.

चाचणीचा दिवस रविवार धरला, म्हणजे दीर असतील. दिवाळीला आठ दिवस होते. फळ अजून झाडावर, टेकू लावलेले. दीर बांधावर उभे राहिले, हाताची घडी घालून. गावातले पाच-सात जण आपोआप जमले, फुकटचा तमाशा कोण सोडतो. हे ट्रॅक्टरवर बसले. सासऱ्यांनी घरातून वेताची पाटी आणली. कशाला विचारलं तर म्हणाले, "पडलेली फळं येचतो. किती पडतेत ते कळू दे की."

पहिल्या गल्लीत ट्रॅक्टर शिरला. मी सत्तावीस झाडांपलीकडं, दुसऱ्या टोकाला उभी होते. मला फक्त आवाज येत होता आणि पानं हलताना दिसत होती. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. एवढं बोलून बसले होते, एवढी माणसं जमली होती, आणि मागं पाटी घेऊन एक म्हातारा चालला होता ज्याची झाडं मी पणाला लावली होती. मग फांद्यांतून ते बुटकं लाल तोंड बाहेर आलं. दोन्ही बाजूंना बोटभर जागा. मागं गवत कापलेल्या कुरणासारखं पसरलेलं. सासरे बऱ्याच वेळानं आले. पाटीत चार फळं होती.

मग दुसऱ्या गल्लीत पंजाची पाळी. गवताचं यंत्र उतरवलं, पंजा चढवला. पहिला घास घेतला तेव्हा इंजिन गुरगुरलं, पुढची चाकं थरथरली. पण उचलली नाहीत. काळी माती ढेकळा-ढेकळानं बाहेर आली आणि कडेला पडली. ट्रॅक्टर पाऊलभर पुढं, पुन्हा घास. आमचे हे एरवी एका शब्दाचे, पण पंजाच्या त्या लहानशा खटक्यांवर त्यांचे हात असे चालत होते की मी पाहतच राहिले. दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीचा चर झाला, दीड हात रुंद, काठ सरळ. बांधावरचा एक जण म्हणाला, "खेळण्यानं तर विहीर खोदली असती."

दीर चरात उतरले. पायानं काठ दाबून पाहिला, माझ्याकडं आले आणि म्हणाले, "वैनी, व्यापाऱ्याला नको म्हणून सांगतो." एवढ्यासाठी मी त्यांचे आधीचे सगळे रविवार माफ केले. जेवायला बसल्यावर त्यांना पुरणपोळी वाढताना तूप जरा जास्तच ओतलं.

सासरे जेवले नाहीत लगेच. पाटीतली चार फळं घेऊन ओट्यावर बसले होते. एक सोलून त्यांनी मला अर्धं दिलं आणि सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "म्हंजी पंधरा फूट बराबरच होतं म्हन की."

बरोबर नव्हतं. डिंक दाटीनंच वाढला होता, ऊन बुडख्यापर्यंत पोचत नव्हतं, फवारणीला माणूस धड आत जात नव्हता. मला सगळं माहीत होतं, आणि मी कधी कुणाला खरं सुनवल्याशिवाय सोडलेलं नाही. मी तोंडात फोड टाकली आणि मान हलवली. त्यावर त्यांनी दुसरं फळ सोलायला घेतलं.

त्यानंतर बाग बरीच वर्षं चांगली चालली. चरांनी पाणी काढून नेलं, डिंक पुष्कळ थांबला. त्या लहान ट्रॅक्टरला बघायला लोक अंबडपर्यंतचे आले. कुणी एचपी विचारला की मी म्हणायची, आधी तुमची गल्ली किती रुंद ते सांगा, आणि कोणत्या महिन्यात मोजली तेही सांगा. निम्मे लोक तिथंच अडायचे.

काही वर्षांनी आम्ही ओढ्याकडच्या रानात दुसरी बाग लावली. सासरे तेव्हा खाटेवरच होते. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण कान तिखट होते. लावणीच्या दिवशी सकाळी त्यांनी उशाखाली जपून ठेवलेला तो जुना कासरा मी मागून घेतला. रानात गेल्यावर पंधराची गाठ सोडली आणि अठरावर नवी मारली. एक टोक यांच्याकडं दिलं, दुसरं मी धरलं. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, गाठ पुन्हा पंधरावर आणली आणि कासरा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी बोटांनी गाठ चाचपली.

"कितीवर लावली?"

"पंधरावर, मामा."

"ट्रॅक्टर जाईल का?"

"जाईल की. आपला जातो," मी म्हटलं.